ट्रॉम्बेचा सहा पायांचा यंत्रमानव

कवटीला बारीक भोक पाडून मेंदूतल्या नेमक्या जागी सुई नेण्यासाठी 1947 मध्ये फिलाडेल्फियात स्पीगेल व वायसिस यांनी रुग्णाच्या डोक्याभोवती मोजमापाची चौकट बसवली. 1985 मध्ये कॅलिफोर्नियात सुईची दिशा धरायला ‘पूमा’ हा कारखान्यातला यंत्रहात वापरला गेला.

महाराष्ट्रात हे काम हाती घेतले ते ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने. किरणोत्सर्गी पदार्थ जाड भिंतीआडून हाताळणारी यंत्रे तिथे पूर्वीपासून बनत होती; तो अनुभव मोलाचा. अभियंत्यांनी मेंदूसाठी सहा पायांवर तोललेला मंच रचला. सहाही पाय ताळमेळाने हलले, की मंच कलतो आणि सुईची दिशा ठरते. भार वाटला गेल्याने मंच लवत नाही. मेंदूत मिलिमीटरची चूकही घातक ठरू शकते. म्हणून सुई आत नेण्यापूर्वी स्कॅनमधले बिंदू रुग्णाच्या डोक्यावरील त्याच बिंदूंशी जुळवून घेतात.