मोटारीचा मिटलेला दिवा

गेल्या मे महिन्यांत पुण्यास बहिणीच्या घरीं गेलों असतां तिच्या स्वयंपाकघरांत एक विलक्षण देखावा माझ्या दृष्टीस पडला. ज्या विजेच्या ओव्हनमध्यें एरवीं नानखटाई भाजली जाते, त्यांत एका लाकडी फळीवर मोटारीचा पुढचा दिवा निवांत पडला होता, आणि माझा भाचा हातांत घड्याळ घेऊन त्यावर पहारा करीत उभा होता. "मामा, दार उघडूं नका, अजून चार मिनिटें आहेत," असें त्यानें मला बजावलें. बहीण म्हणाली, "दादा, आतां तूंच सांग याला कांहीं, घरभर हा वास सुटला आहे." वेळ भरतांच भाच्यानें जाड हातमोजे चढवून दिवा बाहेर काढला, चपट्या स्क्रू-ड्रायव्हरनें कडेकडेनें तो हलकेच उचकटला, आणि पुढचें पारदर्शक झांकण काळ्या चिकट्याच्या लांबलांब तारा ओढीत सुटून आलें.

भाच्याचें कौशल्य पाहून मला कौतुक वाटलें, पण त्याहून अधिक कुतूहल वाटलें. दिवा ही खरोखर उघडझांप करण्याचीच वस्तु. ती उघडण्यासाठीं आधीं भाजावी लागावी, हा प्रसंग कसा आला, याचाच वृत्तांत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचा आहे.

आरंभीं असें मुळींच नव्हतें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत बहुतेक मोटारींच्या तोंडाशीं मोठे पितळी दिवे असत आणि त्यांत ॲसिटिलीन वायूची ज्योत जळे. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर पाणी थेंबथेंब पडूं दिलें म्हणजे हा वायु उत्पन्न होतो. ज्यांनीं कोणा फेरीवाल्याच्या गाडीवर कार्बाइडचा दिवा फुरफुरतांना पाहिला आहे, त्यांस याचा वास देखील आठवत असेल. अंधार पडूं लागला कीं चालकानें खालीं उतरावें, पाण्याची तोटी सोडावी, दिव्याचें कांचेचें दार उघडावें आणि आगकाडी ओढावी. दुसरे दिवशीं सकाळीं भांड्यांत सांचलेला चुन्याचा लगदा खरवडून टाकावा. पुढें १९०४ साली अमेरिकेंतील इंडियानापोलिस शहरीं हा वायु लोखंडी नळकांड्यांत भरून विकणारी प्रेस्ट-ओ-लाइट कंपनी निघाली, तेव्हां चुन्याचा लगदा सुटला. या धंद्यांत कार्ल फिशर व जेम्स ॲलिसन हे गृहस्थ गबर झाले आणि १९०९ साली आणखी दोघां भागीदारांसह त्यांनीं त्याच शहरीं मोटारींच्या शर्यतींचें तें जगप्रसिद्ध मैदान बांधलें. त्या मैदानाचा पाया दिव्याच्या धुरावर उभा आहे, असें गमतीनें म्हणतां येईल.

१९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत इंजिन सुरू करणें, ठिणगी पाडणें आणि दिवे लावणें ही तिन्ही कामें एकाच विद्युत्-योजनेवर सोंपविण्यांत आलीं, आणि पितळी दिव्याचे दिवस भरले. विजेचा दिवा वाऱ्यानें विझेना, पावसाला भिईना. परंतु त्याबरोबर एक नवीन दुखणें उत्पन्न झालें. दिवा प्रखर झाला तसा तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत खुपूं लागला.

येथें दिव्याच्या पोटांतली रचना थोडी सांगितली पाहिजे. मागें वाटीसारखा परावर्तक आरसा असतो. या वाटीच्या नाभींत तेजाची तार नेमकी बसली तरच किरण सरळ पुढें जातात. तार थोडी खालीं घसरली तर उजेड आकाशाकडे जातो, बाजूस सरली तर झाडांवर. आणि ही चूक सुताएवढी असली तरी शंभर पावलांवर ती पुरुषभर होते. त्या काळच्या दिव्यांत बल्ब मागेंपुढें सरकविण्यासाठीं एक स्क्रू असे व तो मालकाच्या मर्जीवर सोंपविलेला असे. आरशावर चांदीचा मुलामा असे. तो हवेनें काळवंडे, आणि मालक तो फडक्यानें घांसून लख्ख करूं जाई व त्यावर ओरखडे पाडी. पुढच्या कांचा बदलण्याची तर हौसच होती. उजेड खालीं वळवितों म्हणून सांगणाऱ्या नाना तऱ्हांच्या पैलूदार कांचा बाजारांत येत आणि ज्याला जी आवडे ती तो बसवी. म्हणजे घरच्या घरीं दिवा फिरविण्याची ही खटपट आजच्या पोरांनीं काढलेली नाहीं. त्यांच्या पणजोबांच्या पिढींतच ती भरास आली होती. १९२४ च्या सुमारास एकाच बल्बांत दूरच्या व जवळच्या उजेडासाठीं दोन तारा घालण्याची युक्ति युरोपांत निघाली, तिनें पुष्कळ सोय झाली. पण आरसा, कांच आणि बल्ब हीं तिन्ही आपापल्या जागीं राहतील याची हमी कोणीच देऊं शकत नव्हतें.

ती हमी अमेरिकेंतील कारखानदारांनीं निराळ्याच मार्गानें दिली. १९४० सालच्या नमुन्यांच्या गाड्या १९३९ च्या उत्तरार्धांत विक्रीस आल्या, त्या 'सील्ड बीम' नांवाचा दिवा घेऊन. सात इंच व्यासाचें वाटोळें तोंड; आरसाहि कांचेचा, त्यावर वाफेच्या रूपानें चढविलेला ॲल्युमिनियमचा थर; पुढचें भिंग आणि मागचा आरसा यांच्या कडा तापवून एकजीव केलेल्या; आंत निष्क्रिय वायु, आणि कारखान्यांत एकदांच नेमून बसविलेली तार. धूळ आंत शिरावयास वाट नाहीं, आरसा काळवंडावयास हवा नाहीं, फिरवावयास स्क्रू नाहीं. तार जळाली कीं सबंध दिवा टाकून द्यावयाचा आणि तसाच दुसरा कोठूनहि घ्यावयाचा, कारण सर्व गाड्यांचें माप एकच. उजेडाची वाढ हा या दिव्याचा गुण होताच. पण मालकाचा हात बाहेर ठेवणें हें त्याचें खरें कार्य होतें, असें मला वाटतें.

मालकाच्या स्वातंत्र्याचा असा संकोच कां करावा, असें कोणी विचारील. पुष्कळ वर्षांपूर्वीं ऊंस-तोडीच्या दिवसांत सांगलीहून इस्लामपूरकडे मी रात्रीं गाडी हांकीत चाललों होतों. समोरून एक मोटार आली; तिचे दिवे कोणा हौशी माणसानें 'सुधारलेले' होते. क्षणभर मला रस्ता नाहीं, कडेचीं झाडें नाहींत, माझ्या गाडीचें तोंडहि नाहीं, अशी अवस्था झाली. मी वेग कमी केला. तेवढेंच हातीं होतें. ती मोटार निघून गेल्यावर डोळ्यांस अंधाराची पुन्हां ओळख पटते न पटते तोंच पुढ्यांत उंसानें लादलेली बैलगाडी उभी. तिला दिवा नव्हता. ब्रेक लागला तेव्हां मध्यें आठ-दहा फूट अंतर उरलें असेल. गाडीवान उंसावर गाढ झोंपला होता, आणि तो जागाहि झाला नाहीं. त्या सुधारलेल्या दिव्यांचा धनी मात्र आपणांस रस्ता किती स्वच्छ दिसतो, या आनंदांत पुढें गेला असला पाहिजे.

दिवा मिटविण्याची किंमतहि अर्थात् द्यावी लागली. अमेरिकेनें ठरविलेली आकृति ठरविलीच. १९५७ च्या सुमारास दोनांच्या जागीं चार लहान दिवे आले, १९७५ च्या सुमारास चौकोनी आले, इतकाच काय तो फरक. युरोपानें बल्ब बदलण्याची मोकळीक ठेवली होती. तेथें १९६२ साली हॅलोजन बल्ब निघाला, आणि १९६७ साली सिट्रोएन कंपनीच्या डी-एस गाडीचे दिवे चाकांबरोबर वळणाकडे मान वळवूं लागले. ते दिवे कांचेआड असल्यामुळें अमेरिकेच्या नियमांत बसले नाहींत. शेवटीं १९८३ साली त्या देशानें नियम सैल केला आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हन या गाडीवर बदलत्या बल्बाचा, गाडीच्या चेहऱ्याशीं मिळत्या आकाराचा दिवा आला. चव्वेचाळीस वर्षांचें मौन सुटलें म्हणा ना.

आपल्याकडे ॲम्बॅसडर आणि फिआट यांच्या अमदानींत वाटोळ्या दिव्याचें कडें सैल केलें कीं दिवा हातांत येई. दिव्याच्या वरच्या भागावर काळा रंग फांसण्याची आपली जुनी चाल पुष्कळांस आठवत असेल. उपाय ओबडधोबड, त्यानें उजेडहि घटे. पण समोरच्याच्या डोळ्यांची आठवण त्यांत होती. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं तीच गोष्ट मोजून सांगितली आहे. दिव्यापासून आठ मीटरांवर, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील त्यास दिपवूं नये.

आतां त्या ओव्हनकडे वळूं. आजच्या दिव्याचें पुढचें झांकण कांचेचें नसून पॉलिकार्बोनेटचें असतें. तें फुटत नाहीं, परंतु उन्हानें पिवळें व धुरकट होतें. तें मागच्या पेटीवर पुष्कळदां ब्युटिल नांवाच्या रबरी चिकट्यानें बसविलेलें असतें. हा चिकटा शंभर अंशांच्या आसपास मऊ होतो, आणि झांकण स्वतः १४७ अंशांच्या सुमारास लोळागोळा होऊं लागतें. या दोन आंकड्यांमधल्या गल्लींतूनच भाच्याची सारी कारागिरी चालते. कित्येक कारखाने हल्लीं न वितळणारा चिकटा वापरतात, तेथें भाजून उपयोग नाहीं, कापावेंच लागतें. परत मिटवितांना जुना चिकटा खोबणींतून तळापर्यंत खरवडावा लागतो व नवी दोरी सलग घालावी लागते, नाहींतर पहिल्याच पावसांत आंत दंव धरतें. गंमत अशी कीं हा दिवा सर्वस्वीं बंद नसतोच. तापलेली हवा फुगून झांकण उचलूं नये म्हणून त्याच्या पाठीस श्वासाचें छिद्र असतें, आणि नवखा मनुष्य नेमकें तेंच बुजवून बसतो.

भाच्यानें आंतला जुना, पापुद्रे सुटलेला आरसा काढून परदेशांतून मागविलेला प्रोजेक्टर बसविला. त्यांत पुढें वाटोळें भिंग आणि मध्यें धातूची लहानशी पट्टी असते. पट्टीची कड उलटी होऊन रस्त्यावर उमटते, आणि तिच्या वर उजेड जात नाहीं. ती कड सरळ नसते. रस्त्याच्या आपल्या कडेकडे ती जरा वर चढते, म्हणजे पादचारी दिसावा. ३ सप्टेंबर १९६७ रोजीं स्वीडननें डावीकडून उजवीकडे वाहतूक नेली, तेव्हां याच कारणास्तव देशांतील मोटारींचे दिवे बदलावे लागले होते.

सायंकाळीं दिवे गाडीवर चढले. गच्चीखालच्या पांढऱ्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी करून भाच्यानें कळ दाबली. उजेड सुरेख होता. खालचा भाग चंद्रप्रकाशासारखा, वरचा काळाकुट्ट, मधली रेषा सुरीनें कापल्यासारखी. बहीणहि बाहेर येऊन पाहूं लागली. मीं भाच्यास विचारलें, "ती रेषा चढते कोणीकडे?" तो भिंतीजवळ गेला, हातानें रेषा चाचपल्यासारखें केलें आणि जागींच थांबला. रेषा उजवीकडे चढत होती.

"मामा, हें उजवीकडून चालणाऱ्या देशाचें आहे," तो म्हणाला. त्यानें मुकाट्यानें दिवे विझविले व पाना घेऊन खालीं बसला. दुसरे दिवशीं सकाळीं ओव्हन पुन्हां तापला.