चकती गतिरोधक
चकती गतिरोधक : (डिस्क ब्रेक). चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या चकतीला दोन्ही बाजूंनी घर्षण-पट्टांच्या (पॅडच्या) चिमट्यात धरून वाहनाची गती कमी करणारी प्रयुक्ती. चिमट्याच्या घडणीस कॅलिपर म्हणतात. तिच्यातील दट्ट्या ब्रेक तेलाच्या दाबाने पुढे सरकून पॅड चकतीवर दाबतो. या गतिरोधकाचे दोन दोष सर्वपरिचित आहेत : कर्कश आवाज करणे आणि दाब काढल्यावरही न सुटणे (चिकटणे). मोटार जुनी झाल्याने ते उद्‌भवतात, असा समज आहे. वस्तुतः ते या प्रयुक्तीच्या जन्मापासूनचे असून तिचा इतिहास हा बव्हंशी त्यांच्या परिहाराचा इतिहास होय.

इतिहास : फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्ये चकती गतिरोधकाचे एकस्व घेतले. त्याचे पॅड तांब्याचे होते. धातूवर धातू घासून होणारा आवाज असह्य असे. १९०७ मध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी पॅडला ॲस्बेस्टसचे अस्तर लावून तो बराच कमी केला. मात्र या उपायाची किंमत पुढे कामगारांना मोजावी लागली. ॲस्बेस्टसच्या धुळीने फुप्फुसांचे विकार व कर्करोग होतात, हे सिद्ध झाल्यावर अनेक देशांनी त्यावर बंदी घातली. ब्रिटनमध्ये ती १९९९ मध्ये पूर्ण झाली.

चिकटण्याचा दोष १९४९ मध्ये ठळकपणे पुढे आला. अमेरिकेतील क्रॉस्ली या लहान मोटारीस चारही चाकांना चकत्या बसविण्यात आल्या. परंतु हिवाळ्यात रस्त्यांवर पसरल्या जाणाऱ्या मिठाने कॅलिपर गंजून जाम होऊ लागले आणि कंपनी अल्पावधीतच ड्रम ब्रेककडे परतली. १९५३ मध्ये ल माँ येथील २४ तासांच्या शर्यतीत डनलॉप चकत्या असलेली जॅग्वार मोटार ताशी सरासरी सु. १७० किमी. वेगाने विजयी झाली. त्यानंतर १९५५ च्या सित्रोएन डीएस व १९५६ च्या ट्रायंफ टीआर ३ या मोटारींद्वारे चकती सर्वसामान्य वापरात आली.

मुंबईतील स्थिती : मुंबईत १९२८ पासून शिवडी येथे जनरल मोटर्सच्या गाड्यांची जुळणी होत असे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. इटलीत १९६६ च्या ११०० आर या नमुन्यास पुढे चकत्या आल्या. येथे मात्र आधीचाच ड्रम ब्रेकचा नमुना चालू राहिला व तोच पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाला. या मोटारीची टॅक्सी म्हणून सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. परिणामी शहरातील कारागिरांचा हात दीर्घकाळ ड्रम ब्रेकवरच बसला. चकतीची ओळख मुख्यतः आयात मोटारींवरून झाली.

क्रॉस्लीला जे मिठाने केले, ते मुंबईत खारी हवा करते. गिरगावातील फणसवाडीसारख्या जुन्या, दाट वस्तीत मोटारीसाठी बंदिस्त जागा विरळाच. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पाऊस वर्षास सु. २२० सेंमी. जतन केलेली जुनी मोटार क्वचितच बाहेर निघते. उभ्या मोटारीत दट्ट्यावरील क्रोमियमचा मुलामा सुटतो, गंज चढतो आणि दट्ट्या अडकतो.

दोषांची कारणे व दुरुस्ती : दट्ट्याभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी कडे दाबाखाली किंचित पिळले जाते व दाब जाताच पूर्ववत होऊन दट्ट्याला मागे ओढते. ते कडक झाले वा चुकीच्या तेलाने फुगले, तर पॅड चकतीला घासत राहतो. दोषाचे स्थान ठरविण्यासाठी चाक उचलून पायपट्टी दाबून सोडतात. चाक फिरत नसल्यास कॅलिपरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करतात. लगेच चाक सुटले, तर दाब आतच अडकला आहे. आतून फुगलेली रबरी नळी किंवा मुख्य सिलिंडर तपासावा लागतो. तरीही न सुटल्यास दट्ट्या वा पॅड जाम झालेला असतो. गंजलेला दट्ट्या घासून पुन्हा बसविणे धोक्याचे असते. अगंज पोलादाचा नवा दट्ट्या व नवी कडी घालणे योग्य.

किंचाळण्याचे कारण पॅड व चकती यांचे कंपन (सु. १ ते १५ किलोहर्ट्‌झ) हे होय. चकतीचा पृष्ठभाग सारखा करणे, पॅडच्या कडा उतरत्या घासणे आणि त्याच्या पाठीमागे पातळ पत्रा (शिम) व उष्णतारोधक वंगण लावणे, हे उपाय आहेत. वंगण घर्षणपृष्ठास लागता कामा नये. जुन्या पॅडची धूळ हवेच्या झोताने न उडविता ओल्या फडक्याने पुसावी, कारण तीत ॲस्बेस्टस असू शकते.

ग्लायकॉलयुक्त ब्रेक तेल हवेतील पाणी शोषते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उकळबिंदू किमान २०५° से. असतो, पाणी शोषल्यावर त्याची किमान मर्यादा १४०° से. मानली जाते. चिकटलेला गतिरोधक तापल्यास असे तेल उकळून वाफ होते आणि पायपट्टी तळाला जाऊनही मोटार थांबत नाही. म्हणून दमट किनारी प्रदेशात मोटार वापरात नसली, तरी दोन वर्षांनी तेल बदलणे आवश्यक ठरते. [⟶ गतिरोधक, मोटारगाडी].