मीठ कोणाचे अडले?

आष्टी तालुक्यातल्या आमच्या घरी चिमूटभर मीठ सांडले तरी आजी ओरडायची. मीठ सांडणे अशुभ असते म्हणून ती ओरडते, असे मला वाटे. पुढे निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षांविषयी मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा त्या ओरडण्यामागचे साल सापडले : १९४८.

बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. आष्टीची शीव नगर जिल्ह्याला, म्हणजे मुंबई प्रांताला भिडलेली. संस्थानाला समुद्र नव्हता. मीठ बाहेरूनच येई. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. त्याची शाई वाळते न वाळते तोच निजाम सरकारने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज दिले, तेही भारत सरकारच्याच रोख्यांतून. संस्थानात भारतीय चलनाला, आपल्या कलदार रुपयाला, बंदी झाली. दिल्लीच्या लेखी हा कराराचा भंग होता. त्याला उत्तर आले ते आर्थिक नाकेबंदीचे.

दिल्लीचे म्हणणे, बंदी फक्त शस्त्रांना आणि युद्धोपयोगी मालाला आहे. हैदराबादची तक्रार, मीठ, औषधे आणि पाणी शुद्ध करण्याचे क्लोरीनसुद्धा अडवले जाते. आमच्या घरातल्या आठवणी मिठापुरत्या तरी दुसऱ्या बाजूला झुकतात.

शस्त्रे मात्र थांबली नाहीत. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या रात्री विमाने भरून ती हैदराबादला आणत होता. हा गडी साधा नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर रंगीत फिल्मच्या धंद्याचे निमित्त करून त्याने जर्मनीवर विमान नेले होते आणि ब्रिटिश गुप्तचर खात्यासाठी चोरून छायाचित्रे काढली होती. व्यापाराच्या आडून हेरगिरी करण्यात मुरलेला माणूस नाकेबंदीला कसा बधणार? पुढे इंग्लंडच्या न्यायालयाने त्याला दंड केला, २०० पौंड.

कॉटनमुळेच माझे लक्ष आजच्या एका प्रश्नाकडे गेले. एखादे सरकार दुसऱ्या देशातल्या उद्योगांची गुपिते चोरवत असेल, तर शिक्षा कोणाला करायची? मे २०१४ मध्ये अमेरिकेने चिनी लष्कराच्या पाच अधिकाऱ्यांवर अशा चोरीचे आरोप ठेवले. पण आरोपी चीनमध्ये आणि न्यायालय अमेरिकेत. म्हणून १ एप्रिल २०१५ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी वेगळा आदेश काढला. संगणकांत शिरून व्यापारी गुपिते पळवणाऱ्यांची, तसेच चोरीचा माल जाणूनबुजून वापरणाऱ्या कंपन्यांची नावे यादीत घालायची आणि त्यांची अमेरिकेतली मालमत्ता गोठवायची. त्याच सप्टेंबरात शी जिनपिंग वॉशिंग्टनला गेले. चिनी कंपन्यांवर निर्बंध येणार, अशी चर्चा तेव्हा जोरात होती. भेटीत दोन्ही नेत्यांनी अशा चोरीला पाठबळ न देण्याचे मान्य केले. यादीत एकही चिनी कंपनी घालावी लागली नव्हती.

हा शब्द पुरता पाळला गेला, असे मी म्हणत नाही. माझा मुद्दा एवढाच, की या निर्बंधावर नाव लिहावे लागते आणि नाव लिहायचे तर आधी पुरावा लागतो. नाकेबंदीला फक्त नाका पुरतो.

हैदराबादचे विलीनीकरण व्हायलाच हवे होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण नाकेबंदीने निजाम वळला नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला फौज आत आली, १७ ला राज्य संपले. निर्णय हैदराबादेत झाले होते. अडले ते आष्टीच्या चुलीपाशी.

२० कोटींचे रोखे किंवा कॉटनची विमाने यांतले काही आजीच्या कानावर आले नसावे. मिठाची बरणी मात्र तिने शेवटपर्यंत कुलपात ठेवली.