बुडाचा रंग आणि लोणारचा खार

बोटीच्या बुडाचा जुना रंग काढायचा म्हणजे खरवडायचा, असेच सगळे धरून चालतात. शेवाळ, शिंपले आणि लाकूड पोखरणारे किडे लागू नयेत म्हणून बुडाला आधी चुना-चरबी थापली जाई. 1761 साली इंग्रजांनी ‘अलार्म’ या युद्धनौकेला तांब्याचे पत्रे ठोकले. पुढे जहाजे लोखंडी झाली. तांब्याच्या संगतीत लोखंड गंजते, म्हणून तांबे रंगात कालवले गेले. हा इतिहास सर्वज्ञात आहे. मला पकडून ठेवले ते समुद्रापासून दूर, बुलढाण्यातल्या लोणार सरोवराने.

अबुल फजल ‘ऐन-ए-अकबरी’त सांगतो की मेहकर सरकारातल्या लोणारच्या डोंगरांत काच आणि साबण करण्याचे सगळे साहित्य मिळते. सरोवराचे पाणी ओसरले की काठावर खाराचा थर धरतो. गावकऱ्यांनी त्याच्या जाती लावल्या होत्या: दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. हा खार म्हणजे सोडा. त्यात चुना मिसळला की कॉस्टिक होतो, आणि कॉस्टिकपुढे तेल टिकत नाही, त्याचा साबण होतो.

माझा दावा इथून सुरू होतो: बुडाचा रंग आणि खाराने तो काढण्याची युक्ती, दोन्हींचे कूळ साबणाचे. चुना-चरबीचा लेप म्हणजे चुन्याचा साबण, पाण्यात न विरघळणारा. 1860 साली लिव्हरपूलच्या मॅकिनेसने बुडाचा रंग बाजारात आणला, तोही धातूच्या साबणात मोरचूद घालून. राळेच्या रंगांची गंमत याहून मोठी. समुद्राचे पाणी किंचित खारधर्मी, सामू साधारण 8; त्यात राळ हळूहळू विरघळते आणि तांबे सुटत राहते. म्हणजे रंग काढण्याचे काम समुद्र रोज थोडे थोडे करतच असतो. लोणारच्या पाण्याचा सामू 10च्या आसपास. कॉस्टिक त्याच्याही पुढे.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, खरा पूर्वज आग आणि खरवडणी. मशाली लावून बूड भाजण्याची रीत किती जुनी! मान्य. पण त्या रीतीला समोरच्या थराची ओळख लागत नाही. खार रंगाच्या बांध्यावरच घाव घालतो. लोणारचा खार कोकणच्या गलबतांपर्यंत गेला असे मी म्हणत नाही. नाते रसायनाचे आहे, व्यापाराचे नव्हे.

काम प्रत्यक्ष पाहावे. कॉस्टिकचा लगदा जाड थापून वर प्लास्टिक लावतात, म्हणजे तो सुकत नाही. काही तासांनी तेलाचा रंग सुरकुततो, बोटाएवढ्या रुंद पट्टीने सालासारखा निघतो. ओला असल्याने तांब्याची विषारी धूळ उडत नाही. मग पाणी आणि व्हिनेगरने लाकूड धुवावेच, नाहीतर सागवान काळे पडते आणि नवा रंग धरत नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. गाळ गोळा करावा, खाडीत सोडू नये.

इपॉक्सीवर हा उपाय चालत नाही, ॲल्युमिनियमचे बूड तर खार खाऊनच टाकतो. म्हणून पट्टी हाती घेण्याआधी एका कोपऱ्यात खार लावून पाहावा. साल सुटली, तर रंग साबणाच्या कुळातला.