रुपेरी पडद्यावरचा सावकार

इसवी सन १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी ऐन बाजाराच्या दिवशी जो दंगा उसळला आणि पाहता पाहता नगर जिल्ह्यापर्यंत पसरला, त्यात कुणब्यांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, तर त्याच्या घरातील कर्जरोख्यांवर, गहाणखतांवर आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यांवर होता; आणि जिथे हे दप्तर मुकाट्याने हवाली झाले, तिथे सावकाराच्या अंगाला सहसा कोणी बोट लावले नाही. सरकारने चौकशी नेमली, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदाही केला. पण कुळाचा अंगठा आणि सावकाराची शाई यांचे नाते तेवढ्याने तुटले नाही.

या नात्याची कथा पडद्यावर यायला १९२५ साल उजाडावे लागले. तोवर आपले चित्रपट देवादिकांत आणि राजेरजवाड्यांत रमलेले होते. खुद्द बाबूराव पेंटरांनीही १९२० मध्ये कोल्हापुरात आरंभ केला तो ‘सैरंध्री’ने. अशा काळात पेंटरांनी नारायण हरी आपट्यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ काढला, आणि ज्याला तोवर पडद्यावर फार तर गर्दीत उभे राहण्याचा मान होता, त्या शेतकऱ्याला नायक केले. सावकार बनावट कागद करून जमीन गिळतो, शेतकरी देशोधडीला लागून शहरात जातो आणि गिरणीत कामगार होतो, एवढेच कथानक. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम वणकुद्रे, म्हणजेच पुढचे व्ही. शांताराम. चित्रपटाची प्रत आज उपलब्ध नाही, परंतु ज्यांनी तो पाहिला त्यांच्या स्मरणात अंधुक उजेडातली एक उदास झोपडी आणि तिच्यापाशी रडणारे कुत्रे हे दृश्य राहून गेले. मूकपटातल्या कुत्र्याचे रडणे ऐकू येणार ते कसे? पण पेंटर मुळात चित्रकार, तेव्हा डोळ्यांकडून कानांचे काम करून घेणे त्यांना अवघड नव्हते.

त्या काळच्या मूकपटगृहात पडद्यावरची अक्षरे ज्यांना वाचता येत नसत, त्यांच्यासाठी कोणी साक्षर शेजारी ती मोठ्याने वाचून दाखवी. ज्या प्रेक्षकाने स्वतःच्या गहाणखताखालची ‘निशाणी डावा अंगठा’ही दुसऱ्याकडूनच वाचून घेतली असेल, त्याला कागदाच्या बळावर होणारी ही लूट निराळी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पेंटरांचे थोरपण मला यातच दिसते: त्यांचा सावकार केवळ दुष्ट माणूस नाही, त्याच्या पाठीशी कचेरी, स्टँप आणि मुनसफ उभे आहेत.

१९३६ साली पेंटरांनीच तो बोलपट करून पुन्हा काढला. पुढे १९४८ चा कुळकायदा आला, सावकारीचा जोर ओसरला, १९५० मध्ये प्रवरेच्या काठी लोणीला सहकारी साखर कारखान्याचा धुराडा पेटला, आणि पडद्यावरच्या सावकाराची गादी पाटलाकडे गेली. १९५९ सालचा अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला, आणि त्याच्यामागून तमाशापटांची रीघ लागली. या चित्रपटांतल्या लावणीचे आणि हंसा वाडकरांसारख्या नटीच्या अभिनयाचे मोल मी कमी मानीत नाही. परंतु त्यांतल्या पाटलाचा जुलूम बहुधा त्याच्या वासनेतून उगवतो, जमिनीतून नव्हे. त्याच्या वाड्याचा खर्च कोणाच्या घामावर चालतो, हे विचारायची फुरसत कोणालाच नसते. पाटील मेला की गाव सुखी! सातबारा जिथल्या तिथे राहतो.

हा हिशेब पुन्हा उघडला तो १९७५ साली, जब्बार पटेलांच्या ‘सामना’ने. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला हिंदुराव धोंडे पाटील साखर कारखान्याचा कर्ताधर्ता आहे. त्याला बनावट कागदाची गरजच नाही, कारण कागदोपत्री मालक सारे सभासद आहेत, आणि तरीही शब्द त्याचा एकट्याचा चालतो. ही भूमिका केली ती निळू फुल्यांनी. राष्ट्र सेवा दलात वाढलेला आणि एके काळी पुण्यात माळीकाम केलेला हा माणूस मराठी पडद्यावरच्या मुजोर सत्तेचा चेहरा व्हावा, हा योगायोग विलक्षण खरा.

मात्र एक फरक डोळ्यांआड करता येत नाही. १९२५ मध्ये नागवला गेलेला शेतकरी स्वतः कथेच्या मध्यभागी होता. ‘सामना’तला मारुती कांबळे आधीच नाहीसा झालेला आहे, आणि त्याचे काय झाले हा प्रश्न विचारतो तो एक व्यसनी, गांधीयुगातला मास्तर. पीडितासाठी जाब विचारणारा शिकलेला माणूस पुढे आला, पीडित आठवणींत गेला. समांतर म्हणवणाऱ्या पुष्कळ चित्रपटांत मग तीच वहिवाट पडली. ती मोडली नागराज मंजुळे यांच्या २०१३ सालच्या ‘फँड्री’ने: तिथे डुकरे धरणाऱ्या घरातला जब्याच नायक आहे, आणि त्याच्या वतीने बोलायला कोणी मास्तर नेमलेला नाही.