शिकाऊ मोटार मेकॅनिक

शिकाऊ मोटार मेकॅनिक म्हणजे मोटारवाहनांची देखभाल व दुरुस्ती यांचे काम प्रत्यक्ष कार्यशाळेत, अनुभवी कारागिराच्या देखरेखीखाली शिकणारा उमेदवार होय. भारतात हे शिक्षण प्रामुख्याने दोन मार्गांनी होते. पहिला मार्ग शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ या कायद्याखालील नोंदणीकृत उमेदवारीचा असून दुसरा खाजगी गॅरेजमध्ये ‘उस्तादा’च्या हाताखाली राहून शिकण्याचा आहे. दोन्ही मार्गांनी मिळणारे हातकौशल्य पुष्कळदा सारखेच असते. मात्र करारनामा, विद्यावेतन, अपघाताची भरपाई व प्रमाणपत्र यांबाबत दोन्हींत मोठा फरक पडतो.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात मोटारगाड्या येऊ लागल्या. त्यांच्या दुरुस्तीचे ज्ञान सुरुवातीला कारागिराकडून शिकाऊ मुलाकडे तोंडी व प्रत्यक्ष कामातूनच जात असे. स्वातंत्र्यानंतर केंद्र शासनाने १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली व तिच्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे (आयटीआय) जाळे उभे राहिले. कारखान्यांतील उमेदवारी मात्र काही काळ ऐच्छिकच होती. १९६१ च्या अधिनियमाने ती ठरावीक आस्थापनांवर बंधनकारक केली. २०१४ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, तर २०१९ मधील नियमांनुसार तीस किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांनी एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे आवश्यक ठरले.

प्रवेशाचे मार्ग

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून त्यासाठी दहावी उत्तीर्ण असणे आवश्यक असते. ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम त्याच्याशी निगडित आहे. हे अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या उमेदवारास मूलभूत प्रशिक्षण पुन्हा घ्यावे लागत नाही आणि तो थेट आस्थापनेत प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण घेऊ शकतो. आयटीआय न केलेल्या उमेदवारास आधी मूलभूत प्रशिक्षण घ्यावे लागते.

महाराष्ट्रात वाहननिर्मिती कारखाने, कंपन्यांची अधिकृत सेवाकेंद्रे आणि राज्य मार्ग परिवहन महामंडळ (एसटी) यांच्याकडे या व्यवसायाचे उमेदवार घेतले जातात. एसटीच्या विभागीय कार्यशाळांप्रमाणेच दापोडी (पुणे), चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) व हिंगणा (नागपूर) येथे तिच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत.

उमेदवारी सुरू होताना आस्थापना व उमेदवार यांच्यात लेखी करार होतो आणि त्याची नोंदणी करावी लागते. उमेदवार अज्ञान असल्यास त्याच्या वतीने पालक करार करतात. किमान वय १४ वर्षे असून धोकादायक उद्योगांसाठी ते १८ वर्षे आहे.

प्रशिक्षणाचे स्वरूप

पहिल्या काही महिन्यांत उमेदवाराकडे प्रत्यक्ष दुरुस्ती क्वचितच दिली जाते. खोललेले भाग धुणे, नट-बोल्ट क्रमाने मांडून ठेवणे, ऑइल व फिल्टर बदलणे, चाके काढणे आणि मागितलेले अवजार हातात देणे ही कामे प्रथम येतात. ही कामे किरकोळ वाटली तरी त्यांतूनच भागांची ओळख होते. नटाकडे पाहून त्याला १० चा पाना लागेल की १२ चा, हे नजरेला कळू लागणे ही या टप्प्यातील पहिली प्रगती मानली जाते.

यानंतर फिक्स पाना, रिंग पाना व गोटी पाना यांचा योग्य वापर शिकविला जातो. सैल बसणाऱ्या पान्याने नटाचे कोपरे झिजतात व पुढे तो निघत नाही. बोल्ट नेहमी दोन-तीन फेरे हाताने फिरवून मगच पाना लावावा, असा दंडक असतो. अन्यथा बोल्ट तिरका बसून आटे खराब होतात. स्पार्क प्लगच्या बाबतीत ही चूक विशेष महागात पडते, कारण अनेक इंजिनांचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि त्यातील आटे गेल्यास हेड उतरवून ते दुरुस्त करण्याची वेळ येऊ शकते.

बोल्ट किती आवळावा हे मापनाने ठरते. त्यासाठी टॉर्क रेंच वापरतात. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, तर हेडचे बोल्ट उत्पादकाने दिलेल्या क्रमाने, सामान्यतः मध्यातून कडेकडे आणि टप्प्याटप्प्याने आवळले जातात. एकाच बाजूने आवळल्यास हेड वाकण्याची किंवा पॅकिंगमधून गळती होण्याची शक्यता असते. फिलर गेजने टॅपेटमधील फट मोजणे, व्हर्नियर कॅलिपर व मायक्रोमीटर वाचणे आणि मल्टीमीटरने विद्युतदाब तपासणे हीही या टप्प्यावरील कौशल्ये होत.

दोष शोधणे

उमेदवार व मेकॅनिक यांतील खरा फरक दोष शोधण्याच्या क्षमतेत दिसतो. उदाहरणार्थ, पेट्रोल इंजिन सुरू होत नसल्यास आधी स्टार्टरने इंजिन नीट फिरते का, हे पाहतात. ते मंद फिरत असल्यास बॅटरी, तिची टोके किंवा स्टार्टर यांकडे लक्ष वळते. ते नीट फिरत असल्यास इंधन पोहोचते का, ठिणगी पडते का आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब तयार होतो का, हे प्रश्न येतात. सोप्या व बिनखर्चाच्या तपासणीपासून अवघड तपासणीकडे जाणे हे यामागील तत्त्व आहे. अंदाजाने एकामागून एक भाग बदलत राहिल्यास ग्राहकाचा खर्च वाढतो आणि मूळ कारण तसेच राहू शकते. ज्या कार्यशाळेत उमेदवाराला ‘काय बदलायचे’ याबरोबर ‘का बदलायचे’ हेही सांगितले जाते, तेथील शिक्षण अधिक टिकाऊ ठरते.

सुरक्षितता

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणे हा या व्यवसायातील एक गंभीर धोका आहे. गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करून चाकांना अटकाव लावणे आणि उचललेला भाग भक्कम लोखंडी स्टँडवर टेकविणे आवश्यक असते. बॅटरी काढताना ऋण टोक प्रथम सोडतात व जोडताना ते शेवटी जोडतात, म्हणजे पाना गाडीच्या धातूला लागून ठिणगी पडण्याचा धोका टळतो. प्रभारित होणाऱ्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून ज्वलनशील हायड्रोजन वायू निघत असल्याने तिच्याजवळ आग नेत नाहीत. बंद जागेत इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साठतो. या वायूला रंग वा वास नसल्यामुळे तो लक्षात येत नाही. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी व वाफ अंगावर येते. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ब्रेकमधील धूळ हवेच्या झोताने उडविणे टाळतात.

विद्यावेतन व कायदेशीर स्थान

कायद्याने शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्यामुळे सर्व कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. तथापि आरोग्य, सुरक्षा व कल्याणविषयक तरतुदी त्याला लागू असून प्रशिक्षणादरम्यान झालेल्या अपघाताबद्दल भरपाईचा हक्कही त्याला आहे. परवानगीविना त्याच्याकडून जादा वेळ काम करून घेता येत नाही. विद्यावेतन दरमहा द्यावे लागते व ते केलेल्या कामाच्या नगांवर ठरविता येत नाही. २०१९ च्या नियमांनी किमान मासिक विद्यावेतन पाचवी ते नववी उत्तीर्णांसाठी ५,००० रुपये, दहावी उत्तीर्णांसाठी ६,००० रुपये आणि बारावी उत्तीर्ण तसेच राष्ट्रीय किंवा राज्य प्रमाणपत्रधारकांसाठी ७,००० रुपये ठरविले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाचा २५ टक्के, परंतु कमाल १,५०० रुपये इतका वाटा केंद्र शासन उचलते.

प्रशिक्षणाच्या अखेरीस होणारी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. उमेदवारी संपल्यावर त्याच आस्थापनेत नोकरी मिळेलच, अशी हमी मात्र कायदा देत नाही.

गॅरेजमधील अनौपचारिक उमेदवारी

लहान गॅरेजमध्ये शिकाऊ मुलगा ओळखीतून येतो. लेखी करार सहसा नसतो; मोबदला उस्तादाच्या मर्जीवर आणि मुलाच्या उपयुक्ततेवर ठरतो. या पद्धतीत विविध कंपन्यांच्या व जुन्या-नव्या गाड्या हाताखालून जातात, ग्राहकाशी बोलण्याची सवय होते आणि पुढे स्वतःचे गॅरेज काढण्याइतका आत्मविश्वास येतो. उलटपक्षी, उस्तादाला जे येते तेवढेच शिकाऊ मुलाला मिळते, इजा झाल्यास संरक्षण नसते आणि अनेक वर्षांच्या कामाचा लेखी पुरावा उरत नाही. त्यामुळे कुशल असूनही अशा कारागिरास कंपनीच्या सेवाकेंद्रात किंवा शासकीय भरतीत संधी मिळणे कठीण जाते.

गॅरेजमध्ये अल्पवयीन मुलांना कामास ठेवण्याची प्रथा जुनी आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगारविषयक कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना, कौटुंबिक व्यवसायासारखे मर्यादित अपवाद वगळता, सर्व व्यवसायांत कामास ठेवण्यावर बंदी घातली आहे.

अनौपचारिकपणे शिकलेल्यांच्या कौशल्याची चाचणी घेऊन त्यांना प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतील ‘पूर्वज्ञानास मान्यता’ या घटकात करण्यात आली.

तांत्रिक बदल

भारत स्टेज-६ ही प्रदूषणमानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली. कार्ब्युरेटरच्या काळात कानाने ऐकून व हाताने स्क्रू फिरवून होणारे कित्येक समायोजन आता इलेक्ट्रॉनिक नियंत्रण यंत्रणा करते. दोषसंकेत वाचण्यासाठी स्कॅनर लागतो. मात्र स्कॅनर सदोष परिपथ दाखवितो. त्यात सेन्सर बिघडला आहे, तार तुटली आहे की जोडणी गंजली आहे, हे मेकॅनिकलाच तपासावे लागते.

विद्युत वाहनांत ऑइल, प्लग व क्लच ही कामे उरत नाहीत, परंतु ब्रेक, सस्पेन्शन, टायर व स्टिअरिंग यांची देखभाल कायम राहते. विद्युत कारमधील उच्चदाबाच्या, नारिंगी आवरणाच्या तारांवर काम करण्यापूर्वी पुरवठा खंडित करणे, उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबणे आणि दाब शून्य झाल्याची मापनाने खात्री करणे आवश्यक असते. येथे पाहून व चुकून शिकण्याची जुनी पद्धत प्राणघातक ठरू शकते. त्यामुळे अनुभवी मेकॅनिकनाही या वाहनांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते.