कर्नल पॅनिक, आरंभकालीन
संगणक सुरू होताना परिचालन प्रणालीच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) सावरता न येणारा दोष उद्भवल्याने प्रणालीने स्वतःहून थांबणे.

उगम : युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत (१९७५) ‘पॅनिक’ हे प्रणाली थांबविणारे फंक्शन होते. लिनक्समध्येही (→ लिनक्स) हीच पद्धत आहे.

वैशिष्ट्ये : रूट फाइल प्रणाली किंवा इनिट ही पहिली प्रक्रिया न सापडणे, सदोष ड्रायव्हर वा मेमरी ही प्रमुख कारणे. लिनक्सच्या पॅनिक संदेशातील ‘अननोन-ब्लॉक(०,०)’ ही नोंद बहुधा डिस्कचा ड्रायव्हर किंवा इनिटरॅमएफएस (सुरुवातीची तात्पुरती फाइल प्रणाली) लोड न झाल्याचे दर्शविते. दोषशोधनात (→ डीबगिंग) सुरुवातीचे संदेश सिरियल कन्सोलवर टिपतात. कॉल ट्रेसमधील (फंक्शन-कॉलच्या यादीतील) पत्त्यांवरून सोर्स कोडमधील ओळ ठरवितात. क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये कर्नल चालवून त्याला जीडीबी हा डीबगर जोडता येतो. बिघाड आणणारा बदल ‘गिट बायसेक्ट’ने द्विभाजन करून शोधतात.

महत्त्व : वेळीच थांबल्याने डिस्कवरील डेटा बिघडण्याचा धोका कमी होतो (→ फाइल प्रणाली).